पोट दिसणारा कुर्ता

गरोदरपणासाठी वेगळे कपडे घेणं म्हणजे पैशांचा चुराडा, असं मी जन्मभर म्हणत आले. नुसतं म्हणत नव्हते, सल्ला वाटत हिंडत होते. बँकेतल्या ज्युनिअर मुलींना, सोसायटीतल्या नव्या सुनांना, भाचीला. चार-पाच महिन्यांचा तर प्रश्न! घरात नवऱ्याचे शर्ट आहेत, सलवारीला नाडी आहे, कुर्त्याच्या शिवणीत शिंप्याने माया ठेवली असेल तर ती सोडायची, काम भागतं. वाचलेले पैसे बाळाच्या नावाने पोस्टात टाका. मुली मान डोलवायच्या आणि आपण कुणाचं तरी भलं केलं, या समाधानात मी घरी यायचे.

हा सल्ला मी आता बंद केला आहे. काटकसर सोडलेली नाही, ती या वयात सुटायचीही नाही. पण कात्री कुठे लावायची याबद्दलचं माझं मत पार फिरलं. ते फिरवलं माझ्या सुनेने, घाटकोपरच्या मेट्रोतल्या गर्दीने आणि माझ्याच एका जुन्या वहीने.

1991 साली मुलगा झाला तेव्हा मी मुलुंडहून व्ही.टी.ला रोज ये-जा करत होते. त्या काळी आमच्या बँकेत बहुतेक जणी साडीतच असायच्या. साडीची एक मोठी सोय म्हणजे ती शरीराबरोबर वाढते. परकराची नाडी जरा खाली बांधायची, निऱ्या दोन कमी घ्यायच्या, झालं. घोडं अडायचं ते ब्लाउजपाशी. बाजूच्या शिवणी उसवून, आतली माया संपली की काखेत पट्टी जोडून मी ते दिवस काढले. वर पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घ्यायचा. सासूबाईंचा तसा दंडकच होता. पोट लोकांच्या नजरेत येऊ नये, दृष्ट लागते. शिवाय तेव्हा कायद्याने मिळणारी पगारी रजा बारा आठवड्यांची, त्यातले जास्तीत जास्त सहा बाळंतपणाआधी घेता यायचे. आम्ही सगळ्याच जणी रजा बाळासाठी राखून ठेवायचो आणि नववा लागला तरी लेडीज डब्यात लटकायचो. पदराआड काय आहे ते समोरच्या बाईला कळेपर्यंत भांडुप गेलेलं असायचं.

दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या मागे आणि बाकीचा सगळा वहीत, ही माझी शिस्त. ती वही मी अजून जपून ठेवली आहे आणि खरं सांगायचं तर ती दाखवायला मला आवडतं. सुनेला दिवस गेले तेव्हा कौतुकाने तिच्यासमोर उघडली. बघ, एवढ्यात आमचं बाळंतपण झालं. डॉक्टरांची फी, लोहाच्या गोळ्या, खारीक, डिंक, अळीव, बाळंतशोपा, मालिशवाल्या बाईंचे पैसे, बारशाचे पेढे, पाहुण्यांचं जेवण, नाव ठेवल्याबद्दल नणंदेला साडी. सुनेने पान नीट वाचलं आणि विचारलं, “आई, यात तुमचे कपडे कुठे आहेत?”

“घेतलेच नव्हते,” मी म्हटलं. छाती फुगवूनच म्हटलं असणार.

“आणि आत्यांना साडी?”

“अगं, ती तर द्यावीच लागते.”

ती काही बोलली नाही. रात्री मी पुन्हा वही चाळली. माझ्या अंगाच्या नावाने सबंध नऊ महिन्यांत एकच नोंद सापडली: परकरांसाठी नाडी.

तेव्हा मला हसू आलं, मत काही बदललं नाही. ते पुढे बदललं. सून अंधेरी पूर्वेला, चकाल्याजवळच्या एका कंपनीत काम करते. मुलुंडहून गाडीने घाटकोपर, तिथून मेट्रो. ही वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 2014 च्या जूनमध्ये सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांचे हाल खूपच कमी झाले. पण संध्याकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर ज्याने पाय ठेवला आहे, त्याला गर्दीबद्दल मी काय सांगणार! सहाव्या महिन्यात ती माझ्याच सल्ल्यानुसार मुलाचे एक्सएल शर्ट घालून जात होती. एक दिवस चहा घेताना सहज म्हणाली, “मला कुणी उठून जागा देत नाही. त्यांचा दोष नाही म्हणा. या शर्टात मी गरोदर आहे की नुसतीच जाडी, हे त्यांना कळणार कसं?”

हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मुंबईच्या बायका जागा देतात, अगदी आपण होऊन देतात. पण समोरची जाड आहे की गरोदर, हे विचारायची हिंमत कोण करणार? चुकून उलटं निघालं तर भांडण. लपवण्यासाठी घातलेला कपडा लपवण्याचं काम चोख करतो आणि त्याची किंमत पाय मोजतात. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला प्रवास करता येतो, पण तिथेही दारातल्या माणसाने आधी खालून वर न्याहाळलं नाही असं सहसा होत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत 2005 पासून गरोदर बायकांना मोफत बिल्ला मिळतो, जपाननेही 2006 मध्ये तशीच खूण सुरू केली. पोट दिसू लागण्याआधीच्या महिन्यांत, जेव्हा मळमळ सर्वांत जास्त असते, तेव्हा त्याचा खरा उपयोग. आपल्याकडे तशी काही सोय हाती नसेल तर बिल्ल्याचं काम कपड्यालाच करावं लागतं.

पुढच्या रविवारी तिने घाटकोपरला जाऊन कुर्ते आणले. छातीखाली चुण्या असलेले, पोटावर नीट बसणारे, खांद्याला तिच्याच मापाचे. दोन मापं मोठा साधा कुर्ता घेतला तर पोटाला होतो, पण खांदा दंडावर उतरतो आणि गळा सावरत बसावं लागतं. मोठ्या मापाचा कुर्ता आणि मुद्दाम बेतलेला कुर्ता यांतला हा फरक मला इतकी वर्षं दिसला नव्हता. सोमवारपासून तिला बसायला मिळू लागलं. रोज नाही, पण बऱ्याचदा.

मग माझ्यातली बँकवाली जागी झाली. त्याआधीचे कित्येक दिवस ती उभं राहवत नाही म्हणून अधूनमधून रिक्षा नाही तर टॅक्सी करून येत होती. ते पैसे ‘प्रवास’ या खात्यात जात होते, म्हणून कपड्यांच्या खात्यातली माझी बचत मोठी दिसत होती. दोन्ही खाती शेजारी मांडली. कुर्ते अडीच हजारांच्या आत आले होते. टॅक्सीने ते केव्हाच ओलांडले होते. शर्ट फुकट होता असं मी समजत होते, तो चांगलाच महाग पडला.

तेव्हापासून मी एक गोष्ट बघायला लागले. गरोदरपणातली काटकसर म्हणजे नेमकी कशातली, हे आसपासच्या घरांत पाहिलं, तर ती जवळजवळ नेहमी त्या बाईच्या अंगावरची, पायातली आणि ताटातली निघते. पाय सुजून चपला टोचत असतात, पण ‘आता कशाला, नंतर परत मोठ्या होतील’. आतले कपडे घट्ट होऊन काचतात, त्याबद्दल तर घरात बोलायचीच सोय नाही. मी स्वतः सुनेशी हा विषय काढायला किती दिवस घेतले! शेवटी तिनेच सांगितलं की दूध पाजताना वापरायच्या ब्रा आठव्या महिन्यातच घेऊन ठेवणार आहे, म्हणजे आता आणि नंतर दोन्ही वेळा कामाला येतील. एकेक पाचशेच्या आसपास. माझ्या मनात आकडा खटकला आणि त्याच क्षणी नणंदेची साडी आठवली.

समारंभाला मात्र कुणी कात्री लावत नाही. आमच्या भागात हल्ली डोहाळजेवणाला हॉल घेतात. फुलांचे दागिने, झोपाळा, थर्माकोलची चंद्रकोर, फोटोवाला. त्याआधी कुठल्याशा बागेत किंवा किनाऱ्यावर लांब शेपटीचा भाड्याचा झगा घालून वेगळे फोटो. मला हौसेचं वावडं नाही. गरोदर बाईचं कौतुक व्हावं म्हणूनच तर हा सोहळा. पण चोरओटीपासून बारशापर्यंत ज्या साड्या वाटल्या जातात, त्यांतली गरोदर बाईला रोज नेसता येईल अशी एकही नसते. हिरवी साडी आणायची म्हणून मी दादरला निघाले होते, भरजरीच बघणार होते. सून म्हणाली, “हिरवीच हवी ना? मग हिरवा कॉटनचा कुर्ता द्या, ओटी त्याच्यावरच भरू.” पूर्वीची मी असते तर तोंड वाकडं केलं असतं. डोहाळजेवण घरी झालं, सात-आठ बायका, पुरणपोळी, कटाची आमटी. कुर्ता तिने नंतरही भरपूर वापरला. दूध पाजायच्या सोयीसाठी शिंप्याकडून त्याला पुढून चेन बसवून घेतली. ही युक्ती सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. दुकानात ‘फीडिंग कुर्ती’ असा शिक्का बसला की तेच कापड महाग होतं. असलेल्या कुर्त्यांना चेन लावून घेणं कितीतरी स्वस्त.

जुन्या सवयींपैकी काही मात्र नव्याने पटल्या. बाळाच्या पहिल्या दिवसांत नवं काही घालायचं नाही, कुणा धडधाकट मुलाचं वापरलेलं झबलं मागून आणायचं, ही आमच्याकडची रीत. अनेक धुण्यांनी मऊ झालेलं कापड आणि शून्य खर्च. जन्माआधी खरेदी करायची नाही, या समजुतीचाही एक फायदा होतो, दुकानात जाऊन वेड्यासारखं भरून आणणं आपोआप टळतं. बाळ महिन्याभरात झबल्यातून बाहेर येतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला तर टोपडी, दुपटी, कुंच्या, मच्छरदाणी, पाळणा, सगळं येऊन पडलं. गरम पाण्यातून काढून गच्चीवर कडक उन्हात वाळवलं. अडलं ते लंगोटांपाशी. आमच्या आयांकडे धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या सुती साड्या असायच्या, त्यांचे लंगोट आणि दुपटी व्हायची. माझ्या कपाटात बघितलं तर सगळं सिंथेटिक, आणि ज्या काही जुन्या होत्या त्या मी बोहारणीला देऊन स्टीलचे डबे घेऊन बसले होते. शेवटी मलमल विकत आणावी लागली.

खरा पैसा अर्थात कपड्यांत नसतोच, दवाखान्यात असतो. तिथे आपलं काही चालत नाही असं धरून आपण चालतो, आणि म्हणूनच हाताशी असलेल्या बाईच्या कुर्त्यावर घसरतो. पण अगदीच काही चालत नाही असंही नाही. बऱ्याच खासगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की नुसतं भाडं वाढत नाही. डॉक्टरांची, भूलतज्ज्ञाची, शस्त्रक्रियागृहाची फीही त्याबरोबर चढते. हे आधी विचारलं तर समजतं, बिल हातात आल्यावर समजून काय उपयोग? स्वतः घेतलेल्या आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च असलाच तर बहुतेकदा दोन-चार वर्षं थांबावं लागतं, म्हणजे दिवस गेल्यावर विमा घ्यायला धावण्यात अर्थ नाही. कंपनीच्या विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून मिळतो, पण त्याला मर्यादा असते, ती किती ते सातव्या महिन्याआधी बघून ठेवावं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 मध्ये, देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सिझेरियन होती, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. गरजेचं सिझेरियन पैशांसाठी टाळा असं कुणीही म्हणणार नाही, पण गरज का आहे हे दोन वाक्यांत विचारायला लाजायचं कशाला?

आणि एक पॅकेज. नाळेतलं रक्त साठवून ठेवण्याचं. डॉक्टरांकडे ताटकळत बसलेल्या जोडप्यांना हे माहितीपत्रक हमखास मिळतं, मुलाच्या भविष्याची भीती घालून. आकडा पन्नास हजारांच्या पुढचा. मी हवालदिल होऊन ‘घेऊन टाका’ म्हणाले होते. मुलाने वाचून काढलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही अशा खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. अडीच हजारांच्या कुर्त्यांवर तोंड टाकणारी मी, पन्नास हजारांना एका मिनिटात हो म्हणाले होते.

जिथे हात आखडू नये ती यादी फार लहान आहे. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, लोह-कॅल्शियम. यातलं बरंचसं सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत फुकट मिळतं, हे मला आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींमुळे कळलं. त्यांच्या सुनेचं बाळंतपण पालिकेच्या रुग्णालयात झालं. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर, कांदिवलीचं शताब्दी ही नावं आम्ही मध्यमवर्गीय जरा दबक्या आवाजातच घेतो. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण मोफत. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी होते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000, अटी बसत असतील तर. मावशींच्या सुनेने त्यातल्या पहिल्या हप्त्यातून काय घेतलं असेल? स्वतःसाठी दोन गाऊन आणि चपला. मावशी कुरकुरत होत्या, आणि मी चक्क सुनेची बाजू घेतली. आम्ही मात्र खासगीतच गेलो. सरकारी रुग्णालयात जायचा धीर आम्हाला झाला नाही, हेही सांगायला हवं.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाकडे मी कधी हिशेबाच्या नजरेने पाहिलं नव्हतं. सुनेचं माहेर बोरिवलीला. तिच्या आईने फोनवर ‘सगळं आमच्याकडेच’ म्हटलं तेव्हा मला प्रेमच दिसलं, आणि प्रेम होतंच. पण दवाखाना, बाळंतविडा, मालिश, डिंकाचे लाडू हे सगळं त्यांच्या खात्यावर, आणि काटकसरीचे सल्ले आमच्या तोंडून. हे जरा बरं दिसेना. दवाखान्याचं बिल आम्ही भरलं. त्यावर नातेवाईकांत जी कुजबुज झाली, ती सोडून देते.

बाळंतपण कुणाच्या खर्चाने व्हावं, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांना बाळंतपणात पैसे आणि विश्रांती देण्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली कायदा झाला, देशातला पहिला. गिरणीतल्या बाईसाठी तेव्हा झालेला तो विचार आमच्या घरात पोहोचायला बराच वेळ लागला. आम्ही तो भार कुणावर टाकला, तर पोट घेऊन लोकलला लटकणाऱ्या बाईवरच. 2017 च्या दुरुस्तीनंतर रजा सव्वीस आठवड्यांची झाली. माझ्या सुनेला ती पूर्ण पगारासह मिळाली. मावशींच्या सुनेला, जी चार घरी धुणीभांडी करायची, एकही आठवडा नाही. हा कायदा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिच्या सुट्टीतला पगार कोण देणार, या प्रश्नावर आमच्या मजल्यावर दोन घरांनी अर्धा पगार द्यायचं ठरवलं, दोघांनी बदली बाई शोधली. मी कुठल्या गटात होते? पहिल्या. पण आधी बदली बाईचाच फोन नंबर मागितला होता.

मुली अजूनही माझ्याकडे सल्ला मागायला येतात, सवयीने. आता मी सांगते, आधी पोटावर बसणारे तीन कुर्ते, एक माप मोठ्या चपला आणि आतले कपडे घे. मग उरलेल्यावर काय वाचवायचं ते बोलू. बाळाचं काही आणू नका, ते गोळा होतं. हॉलचं नंतर बघा. काही जणी चमकतात, कारण त्यांच्या मोठ्या बहिणींना मीच नवऱ्याचे शर्ट घालायला लावलेले असतात.

बाबागाडीबाबत मात्र मी जागची हललेले नाही. मुलुंडच्या फुटपाथवर ती चालवायला रणगाडा चालवण्याचा परवाना लागेल. मुलाने हौसेने आणली, एकदा बाहेर काढली, आणि पेव्हर ब्लॉक, खोदलेला खड्डा, वडापावची गाडी यांना वळसा घालत कोपऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर नात रडून लाल झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला ती मी फुकट देऊ केली आहे. ते विचार करून सांगतो म्हणालेत.